चुन्याची रेघ

निपाणीच्या पुढं, तंबाखूच्या शेतांत,
साखर कारखान्याची एक धावपट्टी आहे.
चेअरमनसाठी बांधलेली. विमान एकदाच उतरलं म्हणतात,
तेही इलेक्शनला.
आज फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे सात.
जुन्या टायरांच्या राशी रचून पाच वळणं केलीत,
आणि सुरुवातीला, शेवटालाही तीच,
चुन्याची एक रेघ.

मी उद्यमबागचा. लेथवर सव्वीस वर्षं.
गाडी विरुपाक्षची : अठ्ठ्याण्णवची होंडा सिटी,
टिळकवाडीतल्या एका रिटायर मॅनेजरनं
कव्हर घालून, नवरीसारखी झाकून ठेवलेली.
तिचं फ्लायव्हील माझ्या चकात होतं तीन रात्री.
साडेसात किलोचं साडेचार केलं.
"आणि थोडं काढ की," विरुपाक्ष म्हणायचा.
म्हटलं, बास. लोखंडालाही अब्रू असते.

सदलग्याची मगदूम डॉक्टरीण, दातांची,
सिव्हिकचं बॉनेट उघडून वाकलेली.
हातात तोच आरसा, दाढेमागं बघायचा,
त्यानं टर्बोमागची गळती शोधते.
"कीड लागलीय," म्हणाली, आणि पाना मागितला.

संकेश्वरचे मुजावर भाऊ दोघांत एक लान्सर,
पाळीपाळीनं चालवतात,
भांडतात मात्र एकाच वेळी.

मग गोव्याहून ट्रकच्या पाठीवर आली
लाल माझदा.
तिच्यात पिस्टन नाहीच.
आत एक त्रिकोण फिरतो, फुगीर कडांचा,
तीन टोकांना तीन पट्ट्या, नखाएवढ्या जाड.
आग्नेलनं जुना एक सुटा आणला होता डिकीत,
तो मी हातात धरून उभा राहिलो बराच वेळ.
सव्वीस वर्षं आलं ते गोल करत गेलो.
त्रिकोणही फिरतो
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तीन फेऱ्यांत माझदा तापली.
आग्नेल तिच्याजवळ खुर्ची टाकून बसला,
दवाखान्यात खाटेशेजारी बसतात तसा,
गिरमिट खात.

दुपारी विरुपाक्षनं हेल्मेट माझ्या हातात दिलं.
"बस की मामा. आपण केल्यालं बघणार नाहीस?"
हेल्मेटात कुणाच्या तरी डोईच्या तेलाचा वास.
पट्टा आवळला. रेघ मागं गेली.
पहिलं वळण मी डोळे मिटून घेतलं.
दुसऱ्यात उघडले तर शिवार तिरकं,
वाळत घातलेली पानं, बाया, एक म्हैस,
सगळं परातीतून एका बाजूला घरंगळलेलं.
चौथ्यानंतरच्या सरळ पट्ट्यात
काटा सहाच्या पुढं गेला
आणि इंजिनाचा आवाज फुटला,
वयात येणाऱ्या पोराचा फुटतो तसा,
पण एका श्वासात, घसा न खरवडता.
मी तळपायानं ऐकत होतो.
माझं चाक होतं ते. थरथर नाही. कणभर नाही.
आठवला तो काळा कीस,
खराट्यानं लोटून पोत्यात भरलेला,
भंगारवाल्यानं वजनावर नेलेला.
ते तीन किलो गाडीत कुठंच नव्हते
आणि तेच पळत होते.

"एक बावन्न!" डॉक्टरीण घड्याळ उंचावून ओरडली.
विरुपाक्षचं सकाळचं एक एकोणपन्नास.
"तीन किलो काढलास," तो म्हणाला,
"आणि सत्तर किलो बसवलास."
मी हेल्मेट काढलं. केस ओले, कान गरम,
आणि हसू काही केल्या आवरेना.

संध्याकाळी हत्तरगीच्या टोलवर
पोरगा खिडकीशी वाकला, चाकांकडं बोट केलं.
"एन्री इदु?" पांढरं काय लागलंय म्हणून.
"सुण्ण," विरुपाक्ष म्हणाला.
"चुना," मी म्हणालो, त्याच क्षणी.
पोरगा एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितला.
मागून ट्रकनं हॉर्न दिला.
दांडी वर गेली.